स्टंपांमागचं तोंड

काकींना क्रिकेटमधलं सगळं कळत होतं असं नाही, पण बोलण्यातलं कळत होतं, आणि त्यांच्या मते निम्मा खेळ तोच होता. समोरच्याला नुसत्या बॉलने बाद करायला बघणं म्हणजे नुसत्या पाण्याने डाग काढायला बघणं. निघतो, नाही असं नाही, पण दिवस मावळतो. थोडा साबण लागतोच. हे त्या लाँड्रीच्या काउंटरवर बसून कुणालाही ऐकवत, आणि ज्याला पटत नसे त्याचे कपडे त्या दिवशी जरा उशिराच मिळत.

लाँड्री त्यांची. नवरा गेला तेव्हा चार शहाणे येऊन म्हणाले होते, बाईमाणसाला झेपायचं नाही, बंद करा. काकींनी शेजारचा गाळाही घेतला आणि त्या चौघांचेच कपडे त्यात धुतले. वस्तीत त्यांना सगळे काकीच म्हणत, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

सून या घरात आली तेव्हा हूं की चूं करत नव्हती. येताना दोनच गोष्टी घेऊन आली होती: एक सुटकेस, आणि विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज. काकींनी ग्लोव्ह्ज उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, याने इस्त्री धरता येते का? येत नाही म्हटल्यावर ते खुंटीला टांगले. पण रविवारी खुंटीवरून काढून हातात दिले तेही काकींनीच, आणि बाउंडरीजवळच्या बाकावर जाऊन बसल्याही. सून कीपर म्हणून चांगली होती. हात मऊ, नजर खालच्या बॉलवरही पक्की. फक्त मुकी होती. स्टंपांमागे अशी बसायची, जशी दवाखान्यात नंबराची वाट बघत बसली आहे.

हे काकींना बघवेना. मग इस्त्रीच्या टेबलाशी तालीम सुरू झाली. काकी बॅट करणारीची नक्कल करत, सून मागून बोले, आणि बोलणं फुसकं निघालं की काकी म्हणत, हे तर मी नवऱ्याला रोज बोलायचे, त्याने कधी मान वर केली नाही, दुसरं बोल. वर्षा-दोन वर्षांत सुनेची जीभ अशी धारेला आली की बायकांच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबात तिची नक्कल व्हायला लागली. बाहेरचा बॉल सोडणारीला ती विचारी, पाहुणा आहे का, वाट करून देताय? बॅट घट्ट आवळून धरणारीला सांगे, सैल सोडा, दुसऱ्याची छत्री आहे का ती? सावकाश पळणारीला म्हणे, हळू या, वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर थांबा पण. समोरची चिडे, नाहीतर हसे. दोन्हींत बॉलवरची नजर हटे. बाकावर बसलेल्या काकी तेव्हा अशा चेहऱ्याने बघत, जसं त्यांचं काही देणंघेणंच नाही.

कशावर बोलायचं नाही, हेही काकींनी शिकवलं होतं, पण ते एकाच वाक्यात. मैदानावर आणलंय ते बोल, घरी ठेवून आलीय ते बोलू नकोस. पाय, बॅट, पळणं, घाबरणं, मिजास, सगळं चालेल. आईबाप, लेकरं, नवरा, रंगरूप नाही. सून मान डोलवायची. काकींना वाटलं, कळलं.

धंद्याचा नियम मात्र त्यांनी कधी शिकवलाच नाही, कारण तो शिकवावा लागतो असं त्यांना वाटलंच नव्हतं. लाँड्रीत माणूस जितका दिसतो तितका डॉक्टरलाही दिसत नाही. खिशात काय निघतं, कमरेला किती टाके सैल केले, कुणाची उशी रोज भिजते, हे सगळं काउंटरवरून आत येतं. खिशातलं न वाचता कागदी पाकिटात घालून कपड्याला टाचायचं. डाग कशाचा एवढं विचारायचं, कारण त्यावर औषध वेगळं. कसा पडला, हे विचारायचं नाही. नवऱ्याच्या आधीपासून, सासऱ्यांच्या वेळेपासून हे असंच चाललं होतं.

काकींचे गुडघे आता बोलायला लागले होते. काउंटरच्या उंच स्टुलावर चढायचं म्हणजे आधी एक सुस्कारा, मग एक पाय, मग दुसरा सुस्कारा. स्टूल सुनेला द्यावं हे त्यांच्या मनात होतं. मुलगा गाडीवर कपडे पोचवायचा, त्याला काउंटरवर बसवणं म्हणजे गिऱ्हाइकांना उपाशी ठेवणं, तो दिवसाला चार शब्द बोलायचा. सूनच बसायची होती. पण काकी आज देते, उद्या देते करत होत्या. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच की त्या स्टुलावर बसणाऱ्याच्या पोटात अख्खी वस्ती राहते, आणि या पोरीचं पोट त्यांनी अजून पारखलं नव्हतं.

आता डॉक्टरीणबाईंचं. या दातांच्या डॉक्टर. पुलापलीकडच्या क्लबच्या कॅप्टन आणि लीगमधल्या सगळ्यांत भरवशाच्या बॅट्समन. त्यांचे पांढरे कोट काकींकडे यायचे, आणि कोटांबरोबर साहेबांचे शर्ट. फिकट निळे, कडक कॉलरचे, कफांना खळ जास्त. दर आठवड्याला न चुकता.

एकदा त्या गठ्ठ्यातला एक शर्ट काकींनी हातात घेतला तर खालच्या काठाला त्यांचीच जुनी चिठ्ठी टाचलेली. कॉलरला मळाची रेघ नाही, काखेत सुरकुती नाही, घडी त्यांच्याच इस्त्रीची. चुकून परत आला असेल, म्हणून त्यांनी बाजूला ठेवला. पुढच्या आठवड्यात सगळेच तसे आले. त्याच्या पुढच्याही. मग काकी समजल्या. शर्ट घालणारा त्या घरात राहिला नव्हता, आणि राहिला नाही हे कुणाला कळू नये म्हणून बाई न मळलेले शर्ट आणून टाकत होत्या. काकींनी ते पाण्यातून काढले, खळ दिली, इस्त्री केली, नवी चिठ्ठी टाचली. एकदा सून इस्त्री करता करता म्हणाली, आई, हे तर... काकी म्हणाल्या, घडी नीट घाल. त्या शर्टांबद्दल घरात झालेलं बोलणं एवढंच.

सेमीफायनल पुलापलीकडच्यांशी होती. डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी मैदान झाडून काढल्यासारखं सगळीकडे मारायला सुरुवात केली. सून मागून बोलत होती. पाय सिमेंटमध्ये रोवलेत का, असं विचारून झालं. घड्याळाकडे बघा, पेशंट खोळंबलेत, हेही झालं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या आणि मारत होत्या. मग त्या दोन बॉलच्या मध्ये वळल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तोंड इतका वेळ उघडंच आहे तर ती मागची दाढ बघून घेते. किडली आहे."

अंपायर हसला. बॉलर हसली. स्लिपमध्ये उभी असलेली सुनेची जिवाभावाची मैत्रीण तर गुडघ्यावर हात ठेवून हसली. बाकावर काकींनाही हसू आलं, खोटं कशाला बोला, टोमणा अस्सल होता. पण त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. पोर कानापर्यंत लाल झाली होती.

ती पुन्हा स्टंपांमागे बसली. बॉलर धावत यायच्या आधी पुढे झुकून काहीतरी बोलली, अगदी हळू. काकींना फक्त ओठ दिसले. स्लिपमधल्या मैत्रिणीलाही ऐकू गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पुढचा बॉल सरळ आला, लहान पोरानेही अडवला असता असा. बॅट खाली आलीच नाही. मधला स्टंप उडाला. आणि डॉक्टरीणबाई बॅट काखेत घेऊन भलत्याच दिशेला, पलीकडच्या पांढऱ्या पडद्याकडे चालायला लागल्या. अंपायरने धावत जाऊन त्यांना वळवलं.

सामना जिंकला. सुनेला मैत्रिणींनी उचलून घेतलं.

संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाशी सून सामना पुन्हा खेळून दाखवत होती. तिचा नवरा कोपऱ्यात गठ्ठे बांधत हसत होता. काकींनी सगळं ऐकून घेतलं, मुलाला गाडीवर गठ्ठे लादायला पाठवलं, आणि मग विचारलं, "ते शेवटचं काय बोललीस?"

सुनेने खांदे उडवले. "विशेष काही नाही. म्हटलं, डॉक्टर, साहेबांचे शर्ट हल्ली मळतच नाहीत."

काकींनी इस्त्री उभी करून ठेवली. "हे तुला कुठे दिसलं? मैदानावर?"

"नाही."

"मग?"

सुनेने इस्त्रीखालचं फडकं नीट केलं.

"ते तिने आपल्याकडे धुवायला टाकलं होतं," काकी म्हणाल्या. "खेळायला नाही."

सून आधी भांडली. खेळ आहे, म्हणाली, खेळात बोललेलं खेळातच राहतं, तुम्हीच शिकवलंत. त्यांनी नाही का सगळ्यांसमोर माझी दाढ काढली? काकी म्हणाल्या, दाढ तू तोंड उघडून अख्ख्या मैदानाला दाखवत होतीस, तिने पाहिली आणि बोलली, त्यात तिचं काय चुकलं? शर्ट तिने कुणाला दाखवले होते? सुनेने समोरचं धोतर घडी करायला घेतलं, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी केली. त्या रात्री घरात कुणी फार जेवलं नाही, आणि काकींनी मनातल्या मनात स्टूल आणखी लांब सरकवलं.

दोन दिवसांनी तक्रार आली. डॉक्टरीणबाईंनी केली नव्हती, त्यांच्या क्लबच्या मॅनेजरने केली होती. हा बँकेत कामाला, पॅन्टला अशी धार की कागद कापावा, आणि ती धार काकींच्याच लाँड्रीची. त्याचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. एक, लीगमध्ये यापुढे समोरच्या खेळाडूशी बोलायला बंदी करा. दोन, या कीपरला फायनलमधून काढा.

रंगाच्या दुकानावरच्या खोलीत लीगची बैठक बसली. अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक होते, सगळ्यांना गोळी दिल्यासारखं मोजून बोलणारे. दोन्ही क्लबांच्या बायका भिंतींना टेकून उभ्या. डॉक्टरीणबाईंना मॅनेजरने ओढूनच आणलं होतं. त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून अशा बसल्या होत्या, जसे त्यांच्याच खुर्चीत त्यांचे पेशंट बसतात.

मॅनेजर सभ्य खेळावर बराच वेळ बोलला. खेळ बॅट-बॉलचा आहे, जिभेचा नाही, म्हणाला. तो बसला आणि काकी उठल्या. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं, पण त्यांना बसायला सांगण्याचीही कुणाची टाप नव्हती. त्या म्हणाल्या, बॉल डोक्याच्या रोखाने टाकलेला चालतो, तो लागला की लोक टाळ्या वाजवतात, आणि शब्द लागला की सभ्यपणा आठवतो, हा कुठला न्याय? बॉलने दात पडतो, शब्दाने फार तर झोप उडते. कान बंद ठेवून बॅट चालवता येत नसेल तर घरही चालवता येणार नाही, घरी तर दिवसभर कुणी ना कुणी मागून बोलतच असतं. खोलीत हशा झाला. मॅनेजरने बायकांकडे पाहिलं, त्याच्या स्वतःच्या टीममधल्याही हसत होत्या. काकी रंगात आल्या. तुम्हाला नियमच हवा ना, म्हणाल्या, एकच ठेवा. जे मैदानावर बोललात ते चारचौघांत पुन्हा बोलता आलं पाहिजे. येत असेल तर टोमणा, येत नसेल तर घाण. झालं.

अध्यक्षांना नियम इतका आवडला की त्यांनी तो जागच्या जागी मंजूर करून टाकला. बोलायला बंदी नाही. मॅनेजर मात्र बँकेत उगाच नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "छान. मग कीपरबाईंनी चारचौघांत पुन्हा बोलावं. त्या बॉलच्या आधी काय म्हणालात?"

काकींना आपल्या पायाखाली आपणच सांडलेलं साबणाचं पाणी दिसलं.

अध्यक्षांनीही मान हलवली. साधंच काही असेल तर सांगा आणि खुशाल फायनल खेळा, म्हणाले. नाही सांगितलं, तर मात्र खेळता येणार नाही.

सून भिंतीपासून पुढे आली. काकींना तिचा चेहरा पाठ होता, आणि आता ती काय करणार हेही त्यांना दिसलं. ती खोटं बोलणार. पायांबद्दल बोलले म्हणणार, त्यात कुणाचं काही जात नाही. गुपित गुपित राहील आणि फायनलही मिळेल. काकींना क्षणभर वाटलं, बोल बाई, बोल आणि मोकळी हो.

"मी म्हटलं," सून म्हणाली, "डॉक्टर, तुमचे पाय..."

भिंतीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. पायांवर बोलली आणि डॉक्टरीण भर मैदानात वाट चुकली? एवढी नाजूक? डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. फक्त मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट झाले. त्या हे हसणंही गिळून घेणार होत्या, कारण खरं सांगायचं तर शर्ट सांगावे लागले असते.

सुनेने ते हात पाहिले. ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. "ते नव्हतं. मी जे बोलले ते मैदानावरचं नव्हतं, आणि ते मी पुन्हा बोलणार नाही. इथे नाही, कुठेच नाही. डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं. मला काढा."

तिच्या कॅप्टनने कपाळाला हात लावला. मैत्रिणी तिच्या बाह्या ओढायला लागल्या, अगं सांगून टाक, फायनल आहे. मॅनेजरने दोन-तीनदा खोदून विचारलं. सून नुसती उभी राहिली, लग्न होऊन आली तेव्हा उभी राहायची तशी मुकी, पण आता हे मुकेपण वेगळं होतं, आतून कडी लावलेलं. सगळ्यांनी शेवटी काकींकडे पाहिलं, की आता म्हातारी काहीतरी बोलेल. काकींनी खिडकीबाहेरचे रंगाचे डबे बघायला घेतले.

फायनल हरली. थोडक्यात हरली, म्हणून जास्त लागलं. सुनेच्या जागी जी बसवली होती तिने दोन कॅच सोडले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सून बाकावर काकींच्या शेजारी बसून नखं खात होती. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. एक गिऱ्हाईक काउंटरवर म्हणालं, काय हो, एवढं चुरूचुरू बोलणारी, नेमकी तेव्हाच जीभ धुवायला टाकली होती का? सुनेने हसून त्याची पावती त्याच्या हातात दिली. नवऱ्याने विचारलं, काय बोलली होतीस गं नेमकं? तिने त्यालाही सांगितलं नाही, आणि तो चार शब्दांचा माणूस, त्याचे चार त्यातच संपले.

काकी हे सगळं बघत होत्या. गिऱ्हाइकाच्या चिमट्यानेही उघडलं नाही, नवऱ्याच्या लाडानेही उघडलं नाही. पोट पक्कं होतं.

फायनलनंतरच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई लाँड्रीच्या पायरीवर दिसल्या, हातात गठ्ठा. काकी स्टुलावरून उतरल्या, या वेळी सुस्काऱ्याशिवाय. आत मला जरा भट्टी बघायची आहे, तू बघ इकडे, असं सुनेला सांगून टांगलेल्या चादरींच्या मागे गेल्या. भट्टीला काहीही झालेलं नव्हतं. चादरींमागून काउंटर छान ऐकू येत होतं.

सुनेने गठ्ठा सोडला. कोट होते. नुसते कोट. तिने एकेक झटकून पाहिला, बाहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा डाग कशाचा?"

"आयोडीनचा."

"निघेल."

पावती लिहिल्याचा आवाज आला. मग सून म्हणाली, "चुकलं माझं, डॉक्टर."

"चुकलंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ते शर्ट देऊन टाकले. आमच्या कंपाउंडरला बरोबर बसतात. आता ज्याला विचारायचं तो विचारतो, आणि मी सांगते." त्यांनी पर्स उघडली. "त्या दिवशी तू सांगितलं असतंस तरी चाललं असतं, असं म्हणणार होते. पण नसतं चाललं."

सुनेने पावती फाडून पुढे सरकवली.

"पुढच्या मोसमात बोल मात्र," डॉक्टरीणबाई पावती पर्समध्ये टाकत म्हणाल्या. "फायनलला मी बघायला आले होते. स्टंपांमागे सगळं सामसूम. कंटाळा आला. माझे पाय खरंच हलत नाहीत, त्यावर बोल."

"ते तर पुलाच्या अलीकडूनही दिसतं," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाल्या, दाढ दाखवायला ये, पैसे पूर्ण घेईन.

काकी चादरींमागून बाहेर आल्या तेव्हा सून काउंटरमागे उभीच होती. सासूच्या स्टुलावर बसायचं तिला सुचलंही नव्हतं. काकींनी स्टुलावरची आपली उशी उचलली, काखेत मारली, आणि इस्त्रीच्या टेबलापाशी एक खुर्ची ओढून तिच्यावर ती नीट बसवली.

"बस," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला उभ्याने बोलायचं नसतं, त्याला वाटतं आपण घाईत आहोत."

सून चढून बसली. जरा या अंगाला सरकली, जरा त्या. "आई, हे स्टूल फार टोचतं हो."

"मग?" काकी पहिला कोट पसरत म्हणाल्या. "तुला काय वाटलं, मी एवढी वर्षं उगाच टोचून बोलत होते?"